गिरणीवरचे दोन फळे: प्रकल्प नोंदी

१३ एप्रिल २०२५, रविवार

आज गिरणी बंद, म्हणून ही वही काढली. अर्धी वही उधारीची आहे, मागची पानं कोरी होती. त्यावर हे.

२०२० च्या टाळेबंदीत गिरणीच्या भिंतीवर एक फळा लावला होता. ‘लांब उभे राहा, डबा खाली ठेवा, सुटे पैसे आणा’ एवढंच लिहायचं होतं. तीन ओळी झाल्या तरी फळा बराच उरला. उरलेल्या जागेत एक दिवस माझं मत लिहिलं : दुकानं अकराला बंद केल्याने गर्दी कमी होत नाही, सगळी गर्दी अकराच्या आत कोंबली जाते. दुसऱ्या दिवशी बायकांनी विचारलं, आज काय लिहिलंय? त्या ‘आज काय’ने पाच वर्षं मला कामाला लावलं. रोज सकाळी मोटारीचं बटण दाबायच्या आधी आठ-दहा ओळी. कधी रस्त्यावर, कधी शाळेवर, कधी लग्नातल्या जेवणावळींवर. दळण होईपर्यंत माणूस जागचा हलत नाही, त्यामुळे वाचक हक्काचे. वर्तमानपत्रवाल्यांनाही असे मिळत नाहीत.

गेल्या मंगळवारी लिहिलं होतं की आठवडी बाजार रस्त्यावरून उठवून मैदानात न्यावा. संध्याकाळी पाहते तर शेवटची ओळ बोटाने पुसलेली आणि त्याच धुरळ्यात बोटानेच एक शब्द लिहिलेला : खोटं.

आधी संताप आला. नंतर रात्री विचार केला, काय खोटं ते लिहायला मी जागा तरी कुठे ठेवली आहे? पाच वर्षं मी बोलते आहे आणि लोक पीठ घेऊन जात आहेत.

ठरवलं. शेजारी दुसरा फळा. तो लोकांचा.

२० एप्रिल, रविवार

सुतार येऊन माप घेऊन गेला. चार बाय तीन फूट, १२ मिमी प्लाय, कडेला सागाची पट्टी. खडू ठेवायला खाली खाच.

शेजारच्या दुकानदाराचं म्हणणं, समोर पुलाचा कठडा एवढा मोठा आहे, तिथेच काळा रंग मारा, सुताराचा खर्च वाचेल. नेमके वकीलसाहेब ज्वारी घेऊन आले होते. म्हणाले, सार्वजनिक मालमत्ता विद्रूप करू नये म्हणून १९९५ चा कायदा आहे, उद्या कोणी तक्रार केली तर मतस्वातंत्र्य बाजूला राहील आणि रंग खरवडायला तुम्हालाच लावतील. भिंत आपली, फळा आपला, हेच बरं.

आजचा मजकूर (पहिल्या फळ्यावर) : १६ तारखेच्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून अनिवार्य केली. सहा वर्षांच्या पोराला अजून मराठी जोडाक्षरं जमत नाहीत, घाई कशाची? यावर गिरणीत जेवढं बोलणं झालं तेवढं या वर्षात कशावरच झालं नव्हतं. ते सगळं हवेत गेलं, पिठासारखं.

१ मे, गुरुवार

फळा तयार. काळ्या रंगाचे दोन हात, मध्ये पॉलिश पेपर. नवा फळा आधी मुरवावा लागतो, म्हणजे खडू आडवा धरून सगळा फळा पांढरा करायचा आणि कोरड्या फडक्याने पुसायचा. नाहीतर पहिलं लिहिलेलं कायमचं उमटून राहतं. हे गुरुजींनी सांगितलं (आमचे निवृत्त मुख्याध्यापक, आठवड्याला पाच किलो गहू, जाडसर).

महाराष्ट्र दिन म्हणून नारळ फोडला. खोबरं दुपारपर्यंत संपलं, फळा संध्याकाळपर्यंत कोरा.

४ मे, रविवार

तीन दिवसांत लिहिलं गेलं ते असं : ‘गिरणी सोमवारी किती वाजता?’, एका पोराने काढलेला विमानाचा आकार, ‘गाईचे तूप मिळेल’ आणि खाली फोन नंबर. नंबर मी पुसला. तुपाला माझी हरकत नाही, पण उद्या सगळा फळा बाजार होईल.

खडू चोरीला जातात. सुतळीने बांधून पाहिला, सुतळी राहिली. आता खडू डब्यात, डबा माझ्या गल्ल्याजवळ. मागितला की देते. यात एक तोटा आहे, तो मला नंतर कळेल असं वाटतंय.

११ मे, रविवार

तोटा कळला. खडू माझ्या हातून घ्यायचा म्हणजे माझ्या विरोधात लिहायला माझीच परवानगी घेतल्यासारखं होतं. दुधवाले तात्या सरळ म्हणाले, “वहिनी, तुमच्याकडून खडू घ्यायचा आन् तुमालाच चूक म्हणायचं, जीभ रेटत नाय.” डबा पुन्हा फळ्याखाली. महिन्याला दोन खोकी खडू जातील, जाऊ देत.

आत्याबाई (सासूबाई) विचारतात, लोकांनी तुला बोल लावावा म्हणून पैसे खर्च करतेस? प्रश्न बरोबर आहे. उत्तर अजून सापडलं नाही.

१९ मे, सोमवार

पाऊस. मे महिन्यात असा पाऊस मी कधी पाहिलेला नाही, चार दिवस उघडीप नाही. दोन्ही फळे आत घेतले. आत पिठाचा थर बसतो, तासाभरात अक्षरं पुसट होतात. कोणीतरी युक्ती सांगितली की खडू साखरेच्या पाण्यात भिजवून लिहिलं की अक्षर पक्कं बसतं. खरंच बसलं. दुसऱ्या दिवशी माझ्या मतावर मुंग्यांची रांग. ‘नदीपात्रात भराव नको’ ही ओळ संपूर्ण मुंग्यांनी भरलेली. युक्ती बंद.

२५ मे, रविवार

फळ्यावर लिहिताना सगळे बघतात, म्हणून लोक लिहीत नाहीत. तेव्हा चिठ्ठ्यांचा डबा. तुपाचा जुना पत्र्याचा डबा, झाकणाला फट. नाव लिहायचं की नाही ते ज्याचं त्याने बघावं.

गुरुजींना हे पटलं नाही. निनावी पत्र म्हणजे अंधारातून दगड, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते, १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये त्यांनी पत्रं लिहिली ती ‘लोकहितवादी’ या नावाने. एकशेआठ पत्रं. स्वतःच्याच समाजाला एवढं खडसावणाऱ्याला टोपणनाव लागलं, तर आमच्या गल्लीतल्या सुनेला का लागू नये? गुरुजी म्हणाले, टोपणनाव वेगळं आणि निनावी वेगळं, टोपणनावाच्या माणसाला आपल्या मागच्या पत्राची जबाबदारी घ्यावी लागते.

हे मात्र मला सुचलं नव्हतं. खरं आहे ते. तेव्हा नियम : खरं नाव नको असेल तर एक टोपणनाव घ्या आणि तेच दर वेळी वापरा. आतापर्यंत आलेली नावं : ‘बाजरी’, ‘चाळण’, ‘एक त्रस्त’, ‘भरडा’, ‘दुसरा त्रस्त’.

१ जून, रविवार

आठवड्यात अकरा चिठ्ठ्या. पाच दळणाबद्दल (भाजणी बारीक झाली, बाजरीनंतर लगेच गहू टाकला, त्यामुळे पोळ्या काळपट). हे खरंय, आधी ज्वारी-बाजरीचा घाणा आणि मग गहू असं असलं की दगडात राहिलेलं पीठ पहिल्या गिऱ्हाइकाच्या डब्यात जातं. यापुढे मध्ये मूठभर गहू माझे टाकेन. तीन चिठ्ठ्या माझ्या मतांवर. दोन शिव्या. एक कोरी.

त्या कोऱ्या चिठ्ठीचा मी बराच वेळ विचार करत बसले.

‘चाळण’ने बाजाराबद्दल लिहिलंय : मैदान गावाबाहेर, म्हाताऱ्या बायकांनी भाजीची पाटी घेऊन तिथवर कसं जायचं? हे चिठ्ठीत आलं ते मी जसंच्या तसं दुसऱ्या फळ्यावर उतरवलं. बोटाने ‘खोटं’ लिहिणारा हाच असावा, किंवा हीच. माझं मत अजून बदललेलं नाही, पण ओळ पुसण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

८ जून, रविवार

पहिला कट्टा. वेळ पाच ते साडेसहा, गिरणीच्या ओट्यावर, मोटार बंद. पोत्यांच्या बैठका. चहा मी दिला, पुढच्या वेळी प्रत्येकाने आपापला कप आणावा.

चौदा माणसं. चौदाही पुरुष. बोलले चार. त्यातले दोघे फक्त एकमेकांशी बोलले आणि त्यांच्यात भांडण आहे ते बांधावरून, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. मी स्वतः किती बोलले हे वकीलसाहेबांनी मोबाइलवर मोजलं : पस्तीस मिनिटं. नव्वदातली पस्तीस! मला दहा वाटली होती.

सकाळी रांगेत ज्या बायका माझ्याशी तावातावाने बोलतात, त्यातली एकही आली नाही. दोघी आल्या होत्या, पण डबे घेऊन, आणि लांब उभ्या राहून गेल्या.

१५ जून, रविवार

गुरुजींशी वाजलं. दुसऱ्या फळ्यावर लोक लिहितात, गुरुजी लाल खडूने ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करतात. ‘पाणि’ला दुसरी वेलांटी, ‘आणी’ला पहिली. खाली एकदा लिहिलं, ‘महामंडळाचे अठरा नियम वाचावेत’. म्हणजे मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम, १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार. मला नियमांबद्दल आदर आहे, पण दोन दिवस फळ्यावर कोणी फिरकलं नाही. ‘भरडा’ची चिठ्ठी आली : मी चौथी पास, मला लाल खडू नको.

गुरुजींना म्हटलं, तुमचा लाल खडू मी ठेवून घेते. ते काही न बोलता गेले. गहू न दळताच.

१८ जून, बुधवार

गुरुजींच्या घरी जाऊन आले. विनंती केली की दोन्ही फळ्यांवरचा मजकूर रोज संध्याकाळी वहीत उतरवून ठेवायला कोणीतरी हवं, पाऊस आला की सगळं जातं. ते तयार झाले. वहीत ते हवं तेवढं शुद्ध करू शकतात, फळा अशुद्ध राहील.

काल नवा शासन निर्णय आला. ‘अनिवार्य’ शब्द गेला, पण हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी असेल तर वर्गातली किमान वीस मुलं पाहिजेत. आमच्या वाडीच्या शाळेत पहिलीत नऊ मुलं आहेत. हे मी पहिल्या फळ्यावर लिहिलं, बाकी काहीच लिहिलं नाही.

२५ जून, बुधवार

आज एक गोष्ट लक्षात आली, ती या वहीतली सगळ्यात महत्त्वाची असेल.

साडेअकराला रांगेत सात-आठ बायका होत्या. विषय होता ‘लाडकी बहीण’चे दीड हजार. पैसे खात्यात येतात, पण मेसेज येतो तो फोन कोणाच्या खिशात? एकीच्या दिराच्या. दुसरीने सांगितलं की पैसे आले की नाही हे तिला दुकानदाराकडून कळतं, कारण नवऱ्याची उधारी त्या दिवशी फिटते. एकीने पहिल्या तीन महिन्यांचे साठवून शिलाई मशीन घेतलं, ते सांगताना तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

आणि मग लाइट गेली. मोटार थांबली. त्याच क्षणी सगळ्या गप्प. कोणी पदर सावरला, कोणी डब्याचं झाकण बघितलं. लाइट आली, दगड फिरू लागला, पुन्हा बोलणं सुरू.

म्हणजे त्यांचा कट्टा आधीपासून आहेच. दहा एचपीच्या मोटारीच्या आवाजाखाली तो चालतो. मागे उभ्या पुतण्याला किंवा दिराला ऐकू जात नाही, बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. रविवारी मोटार बंद करून, शांतता करून, मी त्यांना ‘मोकळेपणाने बोला’ म्हणत होते!

२९ जून, रविवार

चौथा कट्टा. विषय हिंदी. तेवीस माणसं, यात तीन बायका (एक अंगणवाडी ताई, एक माझी नणंद, एक कोण ते ओळखू आलं नाही). गुरुजी म्हणाले तिसरी भाषा पाचवीपासून चालत आलीच आहे, पहिलीत नको. एक ट्रकवाला म्हणाला, माझं पोट हिंदीवर चालतं, मी रस्त्यावर शिकलो, शाळेत नाही, मग शाळेत कशाला? एक तरुण म्हणाला, शिकू दे की, इंग्रजी शिकवतो तेव्हा कोणी बोलत नाही. मी पाच मिनिटांच्या वर बोलायचं नाही असं ठरवलं होतं. सात झाली.

सव्वासातला घरी येऊन बातम्या लावल्या तर दोन्ही शासन निर्णय रद्द, डॉ. नरेंद्र जाधवांची समिती. ट्रकवाल्याचा फोन आला, “ताई, आपलं ऐकलं वाटतं मुंबईने.” हसून हसून पुरेवाट.

६ जुलै, रविवार

आषाढी. कट्टा नाही. आठवडाभर उपवासाचं पीठ : वरई, राजगिरा, साबुदाणा. त्याआधी दगडाला टाकी लावून घेतली (छिन्नीने पुन्हा खडबडीत करून) आणि सगळं झाडून काढलं, नाहीतर उपवासाच्या पिठात बाजरी निघाली की बोंब. नोंद करायला वेळ नाही.

१६ जुलै, बुधवार

चूक माझी झाली आहे, नीट लिहून ठेवते.

सोमवारी पहिल्या फळ्यावर दीड हजारांबद्दल लिहिलं. नाव कोणाचंच नाही. पण ‘एकीला पैसे आल्याचं दुकानदाराकडून कळतं’ हे वाक्य घातलं. चांगलं वाक्य होतं, म्हणूनच घातलं. संध्याकाळपर्यंत गल्लीने दुकान ओळखलं, दुकानावरून उधारी ओळखली, उधारीवरून घर. ती मंगळवारी आली नाही. आज तिचा मुलगा डबा घेऊन पलीकडच्या गिरणीकडे जाताना दिसला.

मी तिच्याकडे जाऊ शकत नाही, गेले तर आणखी चर्चा होईल. आत्याबाई देवळात तिला भेटल्या, काय बोलल्या ते मला सांगत नाहीत.

वकीलसाहेबांना विचारलं की हे बदनामीत येतं का. म्हणाले, भारतीय न्याय संहितेचं ३५६ कलम वेगळं आणि शेजारणीचा विश्वास वेगळा. कलमातून मी तुम्हाला सोडवेन.

२० जुलै, रविवार

नियम लिहून टांगले. चारच आहेत. हजर नसलेल्या माणसाचं नाव घ्यायचं नाही. रांगेत ऐकलेलं, सांगणाऱ्याला विचारल्याशिवाय फळ्यावर जाणार नाही (हा माझ्यासाठी). बोलायला तीन मिनिटं, मग पुढचा. दुसऱ्या फळ्यावरचं मी पुसणार नाही, फक्त फोन नंबर, जाहिरात आणि शिवी पुसेन. शिवी कशाला म्हणायचं यावर अर्धा तास गेला. ‘बिनडोक’ राहू द्यायचं ठरलं.

३ ऑगस्ट, रविवार

ती आली. डबा ठेवला, म्हणाली, “बारीक दळा.” एवढंच. मी बारीक दळलं.

१७ ऑगस्ट, रविवार

गणपती दहा दिवसांवर. पहिल्या फळ्यावर डॉल्बीबद्दल लिहिलं. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्र म्हणजे दहा ते सहा. डॉल्बीपुढे उभं राहिलं की छातीत हादरे बसतात, म्हाताऱ्यांनी आणि तान्ह्यांनी कुठे जायचं? मंडळांनी यंदा ढोल-ताशा, लेझीम, हलगी यावर भागवावं.

दुसऱ्या फळ्यावर तासात उत्तर : ‘बिनडोक’. नियमात बसतं.

३१ ऑगस्ट, रविवार

सकाळी पाहिलं तर पहिल्या फळ्यावर डांबर. वरपासून खालपर्यंत. दुसऱ्याला हात लावलेला नाही, याचा मला थोडा आनंदही झाला, म्हणजे तो त्यांचा आहे असं त्यांना वाटतं तर. रॉकेल आता मिळत नाही, टर्पेंटाइनने घासलं, निम्मं निघालं. काळ्या फळ्याला काळं फासून काय साधलं, असं तात्या म्हणाले.

पोलिसात जा असं सगळ्यांचं म्हणणं. मी नाही गेले.

२ सप्टेंबर, मंगळवार

कोपऱ्यावरच्या मंडळाचा एक मुलगा आला, विशीतला. म्हणाला, “काकू, आम्ही नाही केलं.” मग थांबून, “कोणी केलं ते माहितीये, पण सांगणार नाही.” मग म्हणाला, आमची बाजू लिहायचीये, पण दुसऱ्या फळ्यावर नाही, तुमच्या. तिथलं लोक आधी वाचतात.

पाच वर्षांत त्या फळ्यावर माझ्याशिवाय कोणाचं अक्षर नाही. खडू दिला.

त्याने लिहिलं (गुरुजींच्या वहीत शुद्ध होईल, इथे तसंच ठेवते) : ‘डाॅल्बी वर्षात दहा दीवस. गिरणी वर्षात तिनशे दीवस, सकाळी ६ ला चालु. आमची आजी गिरणीच्या मागच्या खोलीत झोपते. तिला कोण वीचारतं. ४५ डेसीबल गिरणीला लागु नाही का.’

दिवसभर लोक वाचत होते आणि माझ्याकडे बघत होते. कायद्याने सकाळी सहाला रात्र संपते. मीही बरोबर सहालाच बटण दाबते.

४ सप्टेंबर, गुरुवार

मागच्या खोलीत जाऊन आले. चोवीस वर्षं गिरणी चालवते, त्या खोलीत पाय ठेवला नव्हता. आजींना विचारलं, आवाजाचा त्रास होतो का? “आवाज कुठला गं, मला ऐकायलाच येत नाही. भिंत हलते. देवाचा दिवा हलतो.” भिंतीला हात लावून पाहिला.

१४ सप्टेंबर, रविवार

मोटारीच्या पायाखाली रबरी पॅड बसवले, झिजलेला पट्टा बदलला, मोटार भिंतीपासून दीड फूट सरकवली. मेकॅनिकने दिवसभर घेतला. गिरणी आता आठला सुरू. सकाळच्या गिऱ्हाइकांपैकी चार-पाच पलीकडे जातील, जातीलच. पहिल्या फळ्यावर लिहिलं : आठला. कारण लिहिलं नाही, सगळ्यांना माहीत आहे. डॉल्बीबद्दल माझं मत तेच आहे, तेही खाली लिहिलं.

मिरवणुकीत ६ तारखेला डॉल्बी वाजलाच. मंडळाच्या गाडीवर दोन पेट्या कमी होत्या म्हणतात, मी मोजल्या नाहीत.

२४ सप्टेंबर, बुधवार

नवीनच अडचण. मोटार आता शहाण्यासारखी चालते. साडेअकराला रांगेत नऊ बायका आणि नऊही गप्प. मागे एकीचा पुतण्या मोबाइल बघत उभा. शिलाई मशीनवाली पुढे आली, पीठ हाताने चाचपल्यासारखं केलं आणि हळूच म्हणाली, “ताई, ते रबर काढा की.”

१ ऑक्टोबर, बुधवार

रबर काढता येत नाही, दिवा हलतो. कोपऱ्यात शेवयांचं जुनं मशीन पडून होतं, उन्हाळ्यातच लागतं. ते रस्त्याच्या बाजूला, मागच्या भिंतीपासून लांब ओढून घेतलं, तेल घातलं. आज अकरा ते बारा ते रिकामंच चालवलं. दातऱ्यांचा खडखडाट भरपूर येतो.

बोलणं सुरू झालं. मागच्या खोलीतल्या आजीही आल्या होत्या, स्टुलावर बसवलं. त्यांना ऐकू येत नाही म्हणून एकजण सगळं त्यांच्या कानात ओरडून सांगत होती, पार बाहेर रस्त्यापर्यंत. कोणाला फिकीर नव्हती.

लाइटबिल बघायला हवं महिनाअखेर.